मागून घेतलेली कळ

विठोबा पखवाजाला असला की मी डोळे मिटून पेटी वाजवू शकतो. सव्वीस वर्षं आम्ही दोघं कीर्तनाला साथ करत आलो. आख्यानाच्या भरात बुवांची लय सुटली की विठोबा डाव्या हाताने एकच घुमारा द्यायचा आणि बुवा आपोआप जागेवर यायचे. देवाने त्याला हातच तसे दिले होते. त्या हातांचं दोन हजार सहा सालच्या फाल्गुनात काय झालं ते मी इथे लिहितो आहे. मी शाळेत गणित शिकवतो. पाहिलं नाही ते सांगायची मला सवय नाही.

सुरुवात झाली ती विठोबाच्या बायकोपासून. प्रेमलता वेंगुर्ल्याला काजू कारखान्यात बी फोडायला जाते. एका हाताने दांडा दाबायचा, दुसऱ्याने बी सारायची, असं दिवसभर. या बायकांच्या बोटांना मुंग्या येतात, मग कळा मारायला लागतात. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून हाताकडे जाणारी नस आवळली जाते. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. प्रेमलताचे दोन्ही हात तीन वर्षं दुखत होते. भाकरी थापताना ती मधेच थांबून हात झटकायची, तेव्हा पीठ भिंतीवर उडायचं.

त्या वर्षी आमच्या गावातल्या सेवरीनाबायची मुलगी शॅनन बेळगावला फिजिओथेरपीचं वरचं शिक्षण घेत होती आणि तिने अभ्यासाला हाच विषय घेतला होता. नस किती आवळली हे यंत्र सांगतं, पण तेवढ्याच आवळलेल्या नसेचं एकाला थोडं दुखतं आणि दुसऱ्याला जीव नकोसा होतो, ते का, हे तिला मोजायचं होतं. वेंगुर्ल्याच्या चर्चमागच्या हॉलमध्ये फादरनी तिला जागा दिली होती. मधोमध जाड हिरवा पडदा. अलीकडे टेबल आणि दोन खुर्च्या, पलीकडे थांबणाऱ्यांसाठी बाक.

शनिवारी शाळा अर्धी होती, म्हणून विठोबा आणि मी प्रेमलताबरोबर गेलो.

शॅननजवळ पिस्तुलासारखं एक हत्यार होतं. टोकाला रबराचं बोंड आणि मागे काटा फिरणारी तबकडी. तपासताना ती पुस्तकी मराठीत बोलायची. "काकी, मी हे हळूहळू दाबत जाणार. नुसतं दाबल्यासारखं वाटतंय तोवर गप्प बसा. दुखायला लागलं की लगेच 'पुरे' म्हणा. सोसायचं नाही."

मनगटावर बोंड टेकलं न टेकलं तोच प्रेमलता म्हणाली, "पुरे." कोपरावरही तसंच. मग शॅननने खाली वाकून तिच्या नडगीवर ते टेकवलं.

"बाय, हात माझो दुखता. पायाक कित्याक धरतंस?"

"पायाचं पण बघायचं असतं, काकी."

"तिका सगळीकडेच दुखता," विठोबा म्हणाला. "मी बोललंय तरी दुखता."

"तां मात्र खरां," प्रेमलता म्हणाली. आणि नडगीवरही काटा जेमतेम हलला तोच, "पुरे."

पुढे शॅननने एक बोथट सुई काढली. सेकंदाला एक अशा दहा टोचण्या तर्जनीच्या टोकावर. पहिल्या टोचणीला दहापैकी किती दुखलं, तर प्रेमलताने सांगितलं तीन. दहाव्या टोचणीला नऊ. शॅननने आकडे लिहून घेतले, सुई डबीत ठेवली.

"रव गो आता," प्रेमलता म्हणाली. "बस झालां."

"काकी, मी कधीच थांबले."

शॅननचे दोन्ही हात टेबलावर रिकामे होते. प्रेमलताची तर्जनी मात्र दर सेकंदाला एकदा दचकत होती. कोणी तरी टोचतच होतं जणू. मी मोजलं, चौदा वेळा. मग ते थांबलं.

शॅनन म्हणाली की असं होतं. दुखणं फार दिवस मुरलं की ते फक्त मनगटात राहत नाही, पाठीचा कणा आणि मेंदू दोन्ही हळवे होतात आणि साध्या स्पर्शालाही ओरडायला लागतात. माझ्या पेटीची एक पट्टी अशीच अडकते. बोट उचललं तरी सूर चालूच राहतो. मला ते पटलं आणि मी निर्धास्त झालो. उगाच झालो.

कारण नंतर शॅनन आमच्याकडे वळली. "मास्तर, माझ्या रुग्णांत दोन पुरुष आहेत, एक शिंपी आणि एक सुतार. तुलनेला त्यांच्या वयाचे दोन धडधाकट पुरुष हवेत, हात न दुखणारे. तुम्ही दोघं बसाल?"

"माझे हात?" विठोबा हसला. "पयले दुखत. अशी कळ येय की बालदीत हात बुडवून बसा लागा. पण देवान काढल्यान. तीन वर्सां झाली, मुंगीसुद्धा चालाक नाय."

"तीन वर्षं काहीच नाही? मग चालेल. यंत्रावर खात्री करूच."

 प्रेमलता उठून पडद्यापलीकडे बाकावर जाऊन बसली.

आधी माझी पाळी झाली. साडेचार किलोला मी 'पुरे' म्हटलं आणि 'हरी, भियालंस रे,' म्हणून विठोबाने मला भित्रा ठरवलं. मग तो बसला. शॅनन दाबत गेली. काटा चारवर, पाचवर, सहावर गेला.

"दाब गो. पेज नाय जेवलंस?"

काटा सातवर असताना माझ्या लक्षात आलं, पडद्यापलीकडे बांगड्या वाजत होत्या. शॅननने हात सैल सोडला, तिचं मनगट थकलं होतं. तिने पुन्हा दाबलं. काटा दोनच्या पुढे गेला आणि पलीकडे पुन्हा बांगड्या वाजल्या. हिरव्या काचेच्या, नेहमीचाच तो आवाज.

मला वाटलं, ती हात झटकते आहे. मी पडद्याच्या कडेने डोकावलो. प्रेमलता आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हात मांडीवर. मी मागे वळून शॅननकडे पाहिलं आणि काही न बोलता एक बोट वर केलं. ती समजली. तिने विठोबाचं मनगट नुसतं धरून ठेवलं. दहा-बारा सेकंद काही नाही. मी बोट खाली केलं, तिने दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत प्रेमलताचा उजवा हात मांडीवरून वर उडाला आणि तिने तो डाव्या हाताने घट्ट आवळून धरला.

आम्ही सहा वेळा केलं. कधी लगेच, कधी मिनिटभर थांबून. दोनदा शॅननने डावं मनगट दाबलं, तेव्हा पलीकडे डावा हात उडाला. विठोबा मजेत बसून होता आणि सहाव्या वेळी शॅननने दाबलं तेव्हा जांभई देत होता.

"झालां काय?" तो म्हणाला. "माका एक भजी खाऊची आसा."

शॅननने वहीत त्याच्या नावापुढे आकडा लिहिला नाही. नुसती एक आडवी रेघ ओढली. तिच्या गळ्यातला क्रूस तिने दोन बोटांत धरला होता आणि तो धरलेला तिलाच ठाऊक नव्हता.

पुढच्या शनिवारी बेळगावहून नसेचा वेग मोजायचं यंत्र आलं. त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ उठते, डोंगरासारखी. नस चांगली असली तर डोंगर उंच आणि लवकर, आवळली असली तर बुटका आणि उशिरा. प्रेमलताचे दोन्ही हात झाले. डोंगर उंच, वेळेवर. शॅननने तारा काढून पुन्हा लावल्या. तेच.

"काकी, तुमच्या नसेला काहीच झालेलं नाही."

"मगे दुखता कशाक?"

शॅननने तारा सोडवल्या आणि विठोबाला पुढे बोलावलं. विठोबाच्या उजव्या हाताला तारा लावल्या तेव्हा रेघ सपाट राहिली. तिने करंट वाढवला. आणखी वाढवला. पडद्यावर एक बारीकशी सुरकुती उठली, तीही इतक्या उशिरा की आम्ही वाट पाहायचं सोडून दिलं होतं. पलीकडच्या बाकावरून आवाज आला नाही, कारण प्रेमलता आता आमच्यातच उभी होती. पदर तोंडात धरून.

शॅननने विठोबाचा तळहात उजेडाकडे वळवला. अंगठ्याच्या बुडाशी प्रत्येकाला मांसाचा उंचवटा असतो. विठोबाचा तिथे खड्डा होता, वाटीसारखा. सव्वीस वर्षं त्या हाताच्या शेजारी बसून मला तो दिसला नव्हता. तर्जनीवर भाजल्याचा काळा डाग होता.

"हे कशाने?"

"आरतेक उदबत्ती लागली आसतली. कळाक नाय."

"काका, हातातून वस्तू पडतात?"

"कप फुटतत. ही बोलता." त्याने उजवा हात हवेतच पखवाजावर मारल्यासारखा हलवला. "आणि पखवाजाची ता हल्ली लागत नाय. माका वाटलां, शाई उतरली."

शॅननने बेळगावच्या सर्जनना तिथूनच फोन लावला. मग आम्हाला सांगितलं ते स्पष्ट होतं. पंधरा दिवसांत मनगट उघडून नस मोकळी केली तर अंगठा वाचेल. नंतर केली तर नस मोकळी होईल, पण अंगठा येणार नाही. विठोबाने शर्टाची बाही खाली ओढली.

"रामनवमीचां कीर्तन झालां की बघूया."

"रामनवमी महिन्यावर आहे, काका."

"बाय, माका काय्येक दुखना नाय. दुखना नाय तो हात कापून घेऊ? लोक हसतले. दुखता हिका, आणि हात कापतलंस माझो?" तो तिच्यावर चिडला नव्हता. उलट समजूत काढत होता. "तूच बघ, तुझां यंत्र बिघाडलां आसतलां. नावां उलटीपालटी झाली."

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर विठोबा पखवाजाच्या चामड्याच्या वाद्या आणायला बाजारात गेला. उन्हात स्टँड रिकामा होता. प्रेमलता माझ्यापासून हातभर लांब बसली होती, हात छातीशी धरून.

"मास्तरांनू, यंत्र बिघाडूक नाय."

मी तिच्याकडे वळलो.

"तीन वर्सांआदी रामनवमेक हे पखवाजावरसून मधीच उठले. आठवता तुमका?"

"आठवतं. बुवांनी टाळावर निभावून नेलं."

"घराक येऊन रडले. घोव रडलेलो मी कदी बघूक नाय होतंय. दुसऱ्या दिसा रवळनाथाकडे गेलंय, बाबली गावकराक सांगलंय, गाऱ्हाणां घाल. ह्येंच्या हातातली कळ काढ आणि माझ्या हातात घाल. त्यांनी घातल्यानी. त्याच सांजेक, भाकरी थापताना, इली." तिने आपल्या हाताकडे पाहिलं. "मी खूश झालंय, मास्तरांनू. खोटां कशाक बोलू? ह्ये वाजवीत आणि माझो हात ठणके, तेवा माका वाटा, मी पण वाजवतंय."

"विठोबाला ठाऊक आहे?"

"नाय. कळला तर हात लावचे नाय पखवाजाक." तिने बांगड्या मनगटावरून वर सारल्या. "कळ मागलंय. रोग मागूक होयो होतो. माका सुचलांच नाय."

माझं सगळं आयुष्य देवळांच्या मंडपांत गेलं. बुवांच्या तोंडून भक्ताचं संकट देवाने अंगावर घेतल्याची कितीक आख्यानं मी ऐकली, प्रत्येक वेळी डोळे पुसले, आणि त्या आख्यानांत कुणी असं अर्धं मागितलेलं मला आठवेना. देवाला दोष द्यायला जीभ वळली नाही. त्याने ऐकलं होतं आणि सांगितलं तेवढं केलं होतं. पण विठोबाच्या हातावर देवाने जो एक राखणदार बसवला होता तो आम्हीच उचलून दुसरीकडे नेला, आणि तीन वर्षं तो रोग उघड्या दारातून येत-जात राहिला. 

"परत मागायला हवी," मी म्हणालो.

"तांच करूचां आसा. त्येंका दुखला तरच ह्ये बेळगावाक जातले."

सोमवारी दुपारी आम्ही आमच्या ग्रामदेवाच्या, रवळनाथाच्या देवळात गेलो. विठोबालाही नेलं. मी त्याला सांगितलं की रामनवमीच्या पदांचा ठेका धरून बघू. त्याच्याशी सव्वीस वर्षांत मी बोललेलं ते पहिलं खोटं. तो मंडपात खांबाला टेकून पखवाज मांडीवर घेऊन बसला, कणीक मळून डाव्या तोंडाच्या चामड्यावर, पुडीवर, लावू लागला. प्रेमलता आणि मी आत गाभाऱ्याच्या दारात बाबली गावकरासमोर उभे राहिलो.

बाबली गावकर म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं, मागणं घालणारा मानकरी, ऐंशीच्या पुढचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दाढी खाजवली.

"माका तेवाच बोलूक होयां होतां," तो म्हणाला. "बायल माणूस रडताना बघलंय आणि घाईत घातलंय गाऱ्हाणां. परत मागूक येता. पण तुका सांगान ठेवतंय, परत मागलंस म्हणान तुझ्या हातातली जातली, असां काय नाय. तीन वर्सां रवली, तिका घर झालां."

"माझी रवली तरी चलात. त्येंची त्येंका मिळूक व्हयी."

"इचार केलंस?"

"केलंय."

म्हाताऱ्याने हात जोडले. एरवी त्याचा आवाज बसका आहे, पण गाऱ्हाणं घालताना तो वेगळाच होतो, कुणी दुसराच माणूस बोलतो आहे असा. "बा रवळनाथा म्हाराजा. ह्या तुझ्या लेकीन तीन वर्सांआदी घोवाच्या हातातली कळ तुझ्याकडसून मागून घेतल्यान. तुया दिलंस. आता ती हात जोडून सांगता, ज्याची कळ त्याका परत कर, आणि त्याचो हात राख, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," प्रेमलता म्हणाली.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

"होय म्हाराजा," मंडपातून आवाज आला. विठोबाचा. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडे माणूस कशाबद्दल आहे ते न विचारता होकार देतो. लहानपणापासूनची जिभेची सवय. त्याने कणकेच्या हाताने, मान वर न करता तो दिला होता.

मी बाहेर आलो. देवळात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. विठोबाने पखवाज ठाकठीक केला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि ठेका धरला. मी पेटी उघडली. दोन आवर्तनं झाली. त्याची ता अजून लागत नव्हती, उजवा हात पुडीवर ओल्या फडक्यासारखा पडत होता. तिसऱ्या आवर्तनात त्याचा हात हवेतच राहिला.

माझा सूर चालू होता. मी भाता थांबवला.

विठोबाने तो हात काखेत दाबून धरला आणि पुढे वाकला, इतका की कपाळ पखवाजाला टेकलं.  चामड्यातून त्याचा श्वास घुमत होता. ते मी ऐकलं आणि उठून त्याच्याजवळ जाण्याचं धैर्य मला झालं नाही.

"हरी," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "वर बघ रे. माझ्या हातार काय पडलां?"

वर कौलं होती, आणि कौलांतून आलेला उन्हाचा एक कवडसा.

"काही पडलं नाही, विठोबा."

"मगे ह्यां काय?" त्याने हात बाहेर काढला. बोटं पसरली. तो त्यांच्याकडे असा पाहत होता जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे पाहावं, आणि मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. ओळख पटली. "हीच ती. त्या येळची. पण इतकी नाय होती रे. इतकी कदी नाय होती."

"दुखतं?"

"दुखता." घाम त्याच्या मिशीवर जमला होता. "अंगठ्याच्या मुळाक कोण करवत घालता. हरी, त्या सेवरीनाबायच्या चेडवाक फोन कर. सांग, येतंय म्हणान. फाल्याच, सकाळच्या गाडयेन येतंय."

प्रेमलता गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभी होती.  ती आली, खाली बसली आणि त्याच्या मांडीवरचा पखवाज उचलायला दोन्ही हात पुढे केले. उचलताना तिचं तोंड आक्रसलं. बांगड्या वाजल्या. मी ते पाहिलं, आणि विठोबानेही पाहिलं. सव्वीस वर्षं बुवांच्या श्वासावरून लय ओळखणारा माणूस तो. त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं, तिथे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाबली गावकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

"तुझो हात अजून दुखता?" त्याने तिला विचारलं.

"दुखता."

"मगे ही माझ्या हातातली कोणाची?"

तिने पखवाज अलगद बाजूला ठेवला.

"तुमची," ती म्हणाली. "तुमचीच."